अभियांत्रिकीच्या मुलांना परकीय भाषा शिकवताना पर्यावरणाची जबाबदारी शिकवता येते का?

मधुमालती (धागाकर्ती) | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना जर्मन शिकवते. वर्गात मेकॅनिकल, ऑटोमोबाईल आणि केमिकलची मुलं जास्त. कुणाला मास्टर्सला जर्मनीला जायचं असतं, कुणाचा डोळा चाकणच्या जर्मन कंपन्यांवर, तर कुणी नुसतं क्रेडिट मिळतं म्हणून येऊन बसतं. ए१, ए२ (भाषेच्या पहिल्या दोन पायऱ्या) बहुतेकांच्या होतात, त्यापुढच्या बी१ला थोडेच पोचतात. या वर्गात मी बरेच दिवस पर्यावरणाचे विषय मुद्दाम आणते आहे. त्याबद्दल इथल्या शिक्षकांशी आणि कारखान्यात काम करणाऱ्यांशी सविस्तर बोलायचं आहे.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की पर्यावरणाचा वेगळा पेपर असताना भाषेच्या तासाला हे कशाला? एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सक्तीने शिकवायला सांगितला. पुढे यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी अभ्यासक्रम काढला. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नमुना अभ्यासक्रमातही तो आला, पण क्रेडिट नसलेला विषय म्हणून. ज्याला क्रेडिट नाही त्याची मुलांच्या लेखी किंमत किती, हे शिकवणाऱ्यांना सांगायला नको. आदल्या रात्री गाइड उघडायचं, ओझोनचा थर आणि अन्नसाखळी लिहायची, सुटायचं. भाषेच्या तासाला तसं सुटता येत नाही. तिथे दहा ओळींचा परिच्छेद अर्धा तास चालतो, एकही शब्द गाळता येत नाही, आणि शेवटी ‘मी’ने सुरू होणारं वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं. शेजारचा लगेच उलट विचारतो, त्यालाही उत्तर द्यावं लागतं.

आता पाठ्यपुस्तकांबद्दल. ए२च्या पुस्तकांत कचऱ्याच्या वर्गीकरणाचा धडा हमखास असतो. ओला कचरा ‘बायोटोने’त, वेष्टनं पिवळ्या पिशवीत, काच पांढरी-हिरवी-तपकिरी वेगवेगळी. एकदाच वापरायच्या बाटलीवर २००३ पासून २५ सेंट अनामत, बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे परत. धडा छान आहे, आणि कुठली वस्तू कुठल्या डब्यात जाते हे सांगताना आकुझाटिवचा (जर्मनमधल्या कर्माच्या विभक्तीचा) सरावही होतो. पण त्या धड्यात आमचा विद्यार्थी फक्त गिऱ्हाईक असतो. चार वर्षांनी हीच मुलं वस्तू बनवणार आहेत, त्याचा तिथे मागमूसही नाही.

म्हणून मी वर्गात वेफर्सचं रिकामं पाकीट नेते. बाहेरून रंगीत छपाई, आतून चंदेरी. हे कुठल्या डब्यात? मुलं म्हणतात, पिवळ्या पिशवीत. बरं, तिथून पुढे? मग आम्ही ते पाकीट कोपऱ्यातून फाडून बघतो. प्लास्टिकच्या पातळ थरांवर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो आणि थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की नखाने सुटत नाहीत. यंत्रालाही ते परवडेल अशा खर्चात सुटे करता येत नाहीत, त्यामुळे असा माल बहुतेक भट्टीत जातो. ‘हे पाकीट असं करायचं कुणी ठरवलं?’ पहिलं उत्तर येतं, कंपनीने. कंपनीतल्या कुणी? मार्केटिंगने. थरांची जाडी मार्केटिंगवाले ठरवतात का? मग कुणीतरी म्हणतं, पॅकेजिंगचा इंजिनिअर. तिथून चर्चा रंगते. थर का लागतात, तर ओल आणि हवा आत येऊ नये, वेफर मऊ पडू नयेत. एकाच जातीच्या प्लास्टिकमध्ये हे जमेल का? महाग पडेल का? माल किती दिवस टिकला पाहिजे हे कुणी ठरवायचं? हे सगळं ए२च्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, ‘वाइल’ (कारण) आणि ‘व्हेन’ (जर) लावून लावून.

बी१ला कर्मणी प्रयोग येतो. तो मी औद्योगिक अपघातांवरून शिकवते. १ नोव्हेंबर १९८६ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या श्वाइत्सरहाले इथे सँडोझच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवताना मारलेलं पाणी अडवून ठेवायला पुरेशी सोयच नव्हती. कीटकनाशकं घेऊन ते थेट राइन नदीत गेलं. गोदामातल्या रंगाने नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. मी यावर एक परिच्छेद लिहिला आहे, सगळा कर्मणीत. रसायनं साठवली गेली होती. पाणी मारलं गेलं. नदीकाठच्या गावांना उशिरा कळवलं गेलं. मुलांनी प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधायचा आणि वाक्य कर्तरीत लिहायचं. कुणी साठवली? गोदामाला परवानगी कुणी दिली? पाणी अडवायचा हौद बांधायला नको हे कुणी ठरवलं? कर्ता सापडला नाही तर तिथे जर्मनमध्ये प्रश्न लिहायचा आणि तो कुणाला विचारायला हवा तेही लिहायचं. आपल्याकडच्या ‘सांडपाणी सोडण्यात आले’ आणि ‘कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यांची आठवण मुलांना आपोआप होते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अजून कुठले विषय घेण्यासारखे आहेत? याला गुण कसे द्यावेत? आणि उद्योगातल्या लोकांनी सांगावं की नोकरीत परकीय भाषेतलं नेमकं काय वाचावं लागतं, म्हणजे तेच वर्गात आणता येईल.

---

हिरवा_चाफा | रविवार, दुपारी ३:०५

मी सिव्हिलच्या मुलांना पर्यावरण शिकवतो, म्हणून स्पष्ट बोलतो. राग मानू नये.

एक, भाषेच्या शिक्षकाला बीओडी आणि सीओडी (पाणी किती घाण आहे हे सांगणारी दोन मोजमापं) यांतला फरक ठाऊक असेलच असं नाही. पाकिटाचा प्रयोग चांगला वाटला. पण एकाच प्लास्टिकचं पाकीट जाड करावं लागलं आणि माल लवकर खराब झाला, तर वाया गेलेल्या अन्नाचा भार पाकिटापेक्षा जास्त असू शकतो. हा हिशोब न मांडता सोडलात तर मुलं अर्धवट समज घेऊन बाहेर पडतील.

दोन, आणि हे मला जास्त खुपतं. जर्मन पुस्तकातून पर्यावरण शिकलं की ‘तिकडे सगळं स्वच्छ, आपल्याकडे सगळा उकिरडा’ एवढंच डोक्यात राहतं. वर्गात बसलेल्या मुलाला आधीच देश सोडायचा आहे. तुम्ही त्याला अजून एक कारण देता. पुण्यातच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार जाऊन कचरा गोळा करते आणि हाताने वेगळा करते. पिवळ्या पिशवीचा धडा घेताना त्या बायकांचं नाव तरी निघतं का?

तीन, अपघातच शिकवायचे तर भोपाळ आपलं आहे. राइनपर्यंत कशाला जायचं?

---

नेकारकाठ | रविवार, रात्री ११:४८

बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे, गाड्यांच्या क्षेत्रात. हिरवा_चाफा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. जर्मनीचं गुणगान करणारा धडा घेऊ नका, कारण तो खोटा आहे.

माझ्या क्षेत्रातलंच बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागनचं डिझेल प्रकरण बाहेर आलं. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे ओळखणारं सॉफ्टवेअर इंजिनाच्या नियंत्रकात घातलं होतं. चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेत, रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीची यंत्रं गाडीत टाकून ती खऱ्या रस्त्यावर चालवली होती, त्यातून पहिला संशय आला. २०१७ साली अमेरिकेत या प्रकरणात एका इंजिनिअरला ४० महिन्यांची कैद झाली. ते सॉफ्टवेअर कुणीतरी लिहिलं, कुणीतरी तपासलं, कुणीतरी सही केली. मधुमालतीताई, तुमचा कर्ता शोधायचा व्यायाम इथे अगदी चपखल बसेल, आणि वर्गातल्या ऑटोमोबाईलच्या मुलांना तांत्रिक बाजू तुमच्यापेक्षा जास्त कळेल. ती मुलं तुम्हाला समजावून सांगतील, तेही जर्मनमध्ये. भाषेच्या वर्गाला अजून काय हवं?

कोळशाचंही तसंच. शेवटच्या तीन अणुभट्ट्या एप्रिल २०२३ मध्ये बंद झाल्या, आणि त्याच वर्षी जानेवारीत ल्युत्झेराट नावाचं खेडं लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीसाठी पोलीस लावून रिकामं केलं गेलं. दोन्ही बाजूंचे लेख सोप्या जर्मनमध्ये भरपूर मिळतात.

पण एक गोष्ट मला मनापासून शिकवावीशी वाटते, ती म्हणजे रूर भागातली एमशर नदी. शंभरेक वर्षं ती उघडं गटार होती, अक्षरशः. काँक्रीटच्या पन्हळीतून सगळ्या औद्योगिक पट्ट्याचं मैलापाणी वाहायचं. जमिनीखालून नळ का टाकले नाहीत? कारण खाली कोळशाच्या खाणी, जमीन सारखी खचायची, नळ फुटले असते. म्हणजे घाण उघड्यावर वाहू देणं हाच त्या काळचा तांत्रिक उपाय होता, आणि इंजिनिअरांनीच तो शोधला होता. खाणी हळूहळू बंद पडल्या, जमीन स्थिरावली, आणि १९९२ पासून काम सुरू झालं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटरची भूमिगत मलवाहिनी बांधली. एकूण खर्च साडेपाच अब्ज युरोच्या घरात. २०२२ उजाडता उजाडता नदीत सांडपाणी सोडणं पूर्ण थांबलं. म्हणजे तीस वर्षं. हे काम सुरू करणारे कितीतरी इंजिनिअर ते संपायच्या आत निवृत्त झाले असतील. नदी साफ व्हायला काय लागतं हे पुण्याच्या मुलांना यातून कळेल: पैसा, खोदकाम, आणि सरकारं बदलली तरी न बदलणारी संस्था. ती संस्था, एमशरगेनोसनशाफ्ट, १८९९ सालची आहे.

---

रानवारा | सोमवार, सकाळी ८:१०

+१. एमशरवर वेगळा धागा काढा ना.

---

तोमोदाची | सोमवार, दुपारी १:३०

धागा फार आवडला. मी जपानी शिकवते, एन५ ते एन३ (एन५ ही सगळ्यात सोपी पातळी).

कर्ता शोधायची गंमत जपानीत आणखी लवकर येते. एन४लाच क्रियापदांच्या जोड्या शिकवाव्या लागतात. ‘मिझु गा योगोरेता’, पाणी घाण झालं. ‘मिझु ओ योगोशिता’, पाणी घाण केलं. आपल्या मराठी मुलांना हे इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांपेक्षा पटकन कळतं, कारण बुडणं-बुडवणं, तुटणं-तोडणं आपल्याकडे रोजचं आहे. मी या जोड्या मिनामातावरून शिकवते.

मिनामाता थोडक्यात सांगते, कारण इंजिनिअरिंगच्या मुलांनी ते ऐकलेलंच नसतं. क्युशू बेटावरचं मच्छीमारांचं गाव. चिस्सो कंपनी तिथे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवायची, त्यात पारा उत्प्रेरक. सांडपाण्यातून मिथाइल पारा समुद्रात, तिथून माशांत, तिथून माणसांत. १ मे १९५६ला आजाराची अधिकृत नोंद झाली. ती करणारे डॉक्टर होसोकावा हे कंपनीच्याच दवाखान्याचे प्रमुख होते. १९५९ साली त्यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून प्रयोग केला. ४०० क्रमांकाच्या मांजराला ऑक्टोबरमध्ये तीच लक्षणं दिसली. कंपनीने निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. सांडपाण्यातला पारा १९६८ पर्यंत जातच राहिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने कारण मान्य केलं. होसोकावांनी १९७० साली, कॅन्सरने अंथरुणाला खिळलेले असताना, न्यायालयासाठी साक्ष दिली. १९७३ साली निकाल कंपनीविरुद्ध लागला.

वर्गात मी हे असं घेते. ऑक्टोबर १९५९. तुम्ही त्या प्रयोगशाळेत ज्युनिअर केमिकल इंजिनिअर आहात. मांजराची नोंदवही तुमच्या हातात आहे. वरिष्ठांशी बोला. आणि जपानीत वरिष्ठांशी बोलायचं म्हणजे आदरार्थी रूपं वापरावीच लागतात. एवढ्या नम्र भाषेत ‘हे पाणी आजच थांबवलं पाहिजे’ हे कसं म्हणायचं? मुलं अडतात. भाषेमुळे अडतात आणि त्या प्रसंगामुळेही अडतात. एका मुलीने तीनदा वाक्य बदललं. आधी विनंती, मग प्रश्न, आणि शेवटी ‘मी ही नोंद आरोग्य केंद्राला कळवणार आहे’ असं सरळ विधान, अतिशय आदराने. आदर ठेवूनही ठाम बोलता येतं हे तिला त्या वाक्यात सापडलं. जपानी कंपनीत नोकरीला लागल्यावर तिला याचाच उपयोग होईल.

सगळंच काळंकुट्ट नको म्हणून दुसरा धडा किताक्युशू या जपानी औद्योगिक शहराचा. तोबाता भागातल्या बायकांनी १९५० आणि ६०च्या दशकांत घरांवर पडणारी काजळी स्वतः गोळा केली, वजन केलं, मुलांच्या शाळेतल्या गैरहजेरीशी ताडून पाहिली, विद्यापीठातल्या अभ्यासकांची मदत घेतली. यातल्या कितीजणींचे नवरे त्याच कारखान्यांत कामाला होते. त्यांची घोषणा ‘आओझोरा गा होशी’, निळं आकाश हवं. एन५च्या मुलालाही ते वाक्य येतं.

---

मधुमालती | सोमवार, रात्री ९:१५

तोमोदाचीताई, मांजराच्या नोंदवहीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. विचारल्याशिवाय घेणार नाही, पण द्याल ना?

नेकारकाठ, एमशर नक्की घेणार. जमीन खचते म्हणून गटार उघडं, हे कारण सिव्हिलच्या मुलांना लगेच भिडेल.

हिरवा_चाफा सर, रागाचा प्रश्नच नाही. ‘स्वच्छ’च्या ताईंचं नाव वर्गात निघतं. एका व्यायामात मुलांना आपल्या होस्टेलचा कचरा रोज कोण नेतं, कुठे वेगळा करतं, हे विचारून यायचं असतं आणि जर्मन पाहुण्याला समजावून सांगायचं असतं. पिवळी पिशवी मशीनच्या पट्ट्यावर जाते, आपल्याकडे तेच काम माणूस करतो, मग वस्तू बनवताना त्या माणसाच्या हाताचा विचार कुणी करायचा, हा प्रश्न मुलांनीच काढला होता. फुटकी काच उघडी टाकू नये, हे त्या दिवसानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

भोपाळबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. भोपाळ घेतेच. पण मुलांनी त्याबद्दल इतकं ऐकलेलं असतं की वाचायच्या आधीच मत तयार असतं: कंपनी परदेशी, सरकार झोपलेलं, विषय संपला. सँडोझमध्ये त्यांची कुणाशी आधीची ओळख नसते, त्यामुळे ती हौद, झडपा, परवाने असं एकेक बघत जातात. मग त्याच डोळ्यांनी परत डिसेंबर १९८४च्या भोपाळकडे वळलं की शीतकरण बंद होतं, वायू धुणारी यंत्रणा कामाची नव्हती, हे तपशील नव्याने दिसतात. शिवाय आपला पर्यावरण संरक्षण कायदा १९ नोव्हेंबर १९८६ला लागू झाला, म्हणजे सँडोझच्या आगीनंतर तीन आठवड्यांच्या आत. एकाच महिन्यात दोन देश काय करत होते, हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडता येतं.

अन्न वाया जाण्याचा हिशोब मला हवाच आहे. तो मला एकटीला येणार नाही, तुमची मदत लागेल.

---

खाडीकाठचा | मंगळवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी संपवून लिहितोय. कोकणातल्या एका रासायनिक वसाहतीत नोकरी करतो, कारखान्याचं नाव नको. आमचा माल युरोपात जातो.

परकीय भाषेतलं काय वाचावं लागतं विचारलंत. सुरक्षा माहितीपत्रक, आमच्या भाषेत एसडीएस. जगभर त्याचे ठरलेले १६ विभाग असतात. युरोपच्या रसायनांवरच्या ‘रीच’ नियमाप्रमाणे माल ज्या देशात विकायचा त्या देशाच्या भाषेत ते द्यावं लागतं. म्हणजे जर्मनीला माल गेला की जर्मनमध्ये. आमच्याकडे ते एजन्सीकडून भाषांतर होऊन येतं, सही करणाऱ्याला त्यातलं अक्षर वाचता येत नाही.

मधुमालतीताई, हे पत्रक वर्गात घ्याच. वाक्यं छोटी आणि साचेबंद असतात, ए२ला झेपतील. विभाग ६ गळती झाली तर काय करायचं याचा. त्यात एक वाक्य हमखास असतं, गटारात किंवा पाण्यात जाऊ देऊ नका. विभाग १२ जलचरांवर परिणाम, मासे किती मात्रेला मरतात, पदार्थ निसर्गात विघटन पावतो का. विभाग १३ विल्हेवाट. जर्मन पत्रकात आणखी एक आकडा असतो, पाण्याला धोक्याची श्रेणी, १ ते ३. गोदामात गळती अडवायची सोय कशी हवी हे तिथे या श्रेणीवर आणि साठ्यावर ठरतं. सँडोझच्या गोष्टीनंतर मुलांना तो आकडा दाखवा, हौदाशी त्याचा काय संबंध हे लगेच कळेल.

आमच्या इथे नव्याने लागलेली मुलं विभाग ९ वाचतात, उत्कलनांक वगैरे, कारण प्रोसेसला तो लागतो. १२ आणि १३ कुणी उघडत नाही. ते सेफ्टीवाल्यांचं काम, असं समजतात. मध्यरात्री ड्रम कलंडला तर तिथे सेफ्टीवाला नसतो, शिफ्ट इंजिनिअर असतो. पावसाळी नाल्याचं झाकण कुठे आहे आणि ते आधी बंद करायचं, हे त्याला झोपेतही आठवलं पाहिजे. नाला खाडीत जातो, खाडीत आमच्याच कामगारांची भावकी मासे धरते.

---

विदर्भातला_पोरगा | मंगळवार, रात्री १०:२२

मी टीई (तिसऱ्या वर्षाला) मेकॅनिकलला आहे, जर्मन बी१ चालू आहे (मॅडमच्या वर्गात नाही, दुसरीकडे). वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलो, बाबा बॉयलरला आहेत.

आमच्या वर्गात जंगल मरण्यावरचा, म्हणजे ‘वाल्डश्टेर्बन’चा, धडा होता. १९८०च्या सुमारास आम्लपावसाने जर्मनीची जंगलं मरतायत अशी ओरड झाली आणि पश्चिम जर्मनीने १९८३ साली मोठ्या भट्ट्यांसाठी नियम काढला. जुन्या मोठ्या केंद्रांनाही धुरातला गंधक काढायची यंत्रणा बसवावी लागली आणि दहा वर्षांच्या आत बहुतेक ठिकाणी ती बसली. चुनखडी वापरून गंधक काढला की जिप्सम तयार होतं, त्याच्या भिंतीच्या पाट्या बनवतात. मी तो भाग वर्गात समजावून सांगितला, कारण प्रक्रिया माहीत होती, फक्त जर्मन शब्द नव्हते.

मग सरांनी विचारलं, तुमच्याकडे? आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाची मर्यादा आली, मुदत अनेकदा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, राख जास्त, आणि यंत्रणेचा खर्च विजेच्या दरात येतो, असं एक म्हणणं. हवेत गेल्यावर त्याच गंधकाचे सूक्ष्म कण होतात आणि ते लांबवर जातात, असं दुसरं. सरांनी दोन्ही बाजूंनी बोलायला लावलं. मी घरी जाऊन बाबांना विचारलं आणि आम्ही जेवताना तासभर त्यावर बोललो. बाबांच्या कामाबद्दल मी एवढं कधीच विचारलं नव्हतं. पर्यावरणाच्या पेपरला मला ४० पैकी ३४ होते, त्यात यातलं काही नव्हतं.

---

मांडवी | बुधवार, दुपारी १२:०५

गोव्याहून. फ्रेंच शिकवते, म्हणून फ्रेंचची भर घालते.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन (त्यांना जून २०२५ पर्यंतच), लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांवर दुरुस्तीयोग्यतेचा अंक छापणं सक्तीचं झालं, १० पैकी. माहितीपत्रकं मिळतात का, उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, सुट्या भागांची किंमत मूळ वस्तूच्या मानाने किती, आणि त्या त्या वस्तूचा खास निकष, असे पाच भाग. २०२५ पासून टीव्ही आणि वॉशिंग मशीनला टिकाऊपणाचाही विचार करणारा नवा अंक आला.

मी मुलांना घरातला बंद पडलेला फोन आणायला सांगते. गुणपत्रिका फ्रेंचमध्ये. एक जण उघडतो, दुसरा बघून बोलतो, तिसरा लिहितो. किती स्क्रू? कुठला पेचकस? बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे का? (पातळ प्लास्टिकची पट्टीच वापरायची, बॅटरी टोचू द्यायची नाही. आणि फुगलेली असेल तर तो फोन उघडायचाच नाही. हे आधी बजावून सांगा.) क्रियापदं सगळी कामाची: उघडणं, काढणं, सोडवणं, बदलणं. शेवटी प्रत्येक गटाने अंक द्यायचा आणि डिझायनरला पत्र लिहायचं, कुठला एक बदल केलास तर अंक वाढेल. युरोपमध्ये फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतो आहे, तो मी पत्र लिहून झाल्यावर दाखवते. आधी दाखवला तर मुलं तेच उतरवतात.

---

हिरवा_चाफा | बुधवार, रात्री ८:४०

सगळे प्रतिसाद वाचले. खाडीकाठचा यांचा तर दोनदा. मी वर्षानुवर्षं शिकवतोय, पण विभाग १२ उघडून वर्गात ठेवला नव्हता. या सत्रात ठेवणार.

माझा पहिला मुद्दा कायम आहे, आणि मधुमालतीताईंनी तो मान्य केला हे बरं झालं. उपाय सुचवतो. भाषेचा शिक्षक आणि पर्यावरणाचा शिक्षक यांनी एक तास एकत्र घ्यावा. पाण्याचा नमुना मी आणतो, बीओडी पाच दिवस चालते, त्या पाच दिवसांची नोंद मुलांनी जर्मनमध्ये ठेवावी. प्रयोगाच्या जर्नलला नाहीतरी छोटी वाक्यंच लागतात. मुळा-मुठेचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करतं, ते एमशरच्या शेजारी मांडा. आणि मुलांनी पुण्याबद्दल जर्मन वाचकासाठी लिहावं, नुसतं जर्मनीबद्दल वाचत बसू नये.

गुणांबद्दल. मताला गुण देऊ नका. ‘मी पर्यावरण वाचवीन’ लिहिलं की दोन गुण, हे एकदा कळलं की सगळेच लिहितील, माझ्या पेपरात तेच होतं. विधानाला आधार दिलाय का, कर्ता स्पष्ट आहे का, आणि उलट प्रश्नाला उत्तर देता आलं का, एवढं तपासा. गंधक काढायची यंत्रणा नको म्हणणाऱ्या मुलाने मुद्दा नीट मांडला तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.

---

नेकारकाठ | गुरुवार, रात्री १२:३०

गुणांबद्दल सरांशी सहमत. एक भर. इथे मुलाखतीत ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय चुकलं?’ हा प्रश्न येतोच, आणि आपली मुलं ‘असं असं झालं’ म्हणून सांगतात. ‘मी हे ठरवलं, त्याचा हा परिणाम झाला, मग मी हे बदललं’ अशी तीन वाक्यं ज्याला जर्मनमध्ये येतात तो पुढे जातो. कर्तरी वाक्यांचा सराव बी१पर्यंत थांबवू नका, ए२लाच सुरू करा.

---

मधुमालती | गुरुवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या सत्रासाठी ठरलं ते लिहून ठेवते.

ए२ला वेफर्सचं पाकीट राहील, पण सरांचा अन्न वाया जाण्याचा हिशोब धरून, आणि तो तास सर स्वतः घेणार आहेत (व्यक्तिगत निरोपातून बोलणं झालं). सुरक्षा माहितीपत्रकाचे विभाग ६, १२ आणि १३ त्याच सत्रात. बी१ला सँडोझ, मग भोपाळ, मग डिझेल. एमशर आणि मुठेवर गटाने लेखन. गुण सरांनी सांगितले तसे, आणि त्यात थोडे गुण असे ठेवणार की दुसऱ्या गटाच्या मजकुरातला हरवलेला कर्ता शोधून दाखवला तर मिळतील.

खाडीकाठचा, तुमच्या कारखान्याचं नको, पण ज्यावर कुणाचं नाव नाही असं एखादं साधं पत्रक, अ‍ॅसिटोन किंवा सोडियम हायपोक्लोराइटचं, मराठीत समजावून द्याल का? मला विभाग १२मधले आकडे नीट वाचता आले पाहिजेत, नाहीतर केमिकलची मुलं विचारतील आणि मी अडेन. विदर्भातल्या पोराला विनंती, बाबांना विचारून धूर धुण्याच्या यंत्रणेची साधी आकृती काढून दे. जर्मन नावं मी घालते.

तोमोदाचीताई, नोंदवहीच्या प्रसंगाची जपानी संहिता टाकलीत तर मी जर्मन करून इथेच चिकटवीन. फ्रेंच मांडवीताई बघतील.

---

तोमोदाची | शुक्रवार, सकाळी ७:३५

रविवारी टाकते. आदरार्थी वाक्यांचे तीनही मसुदे देईन. त्या मुलीची परवानगी घेतली आहे.